घर बरोबर घेऊन



वैशाखात सोलापूरकर व्याख्यानाला येतो तो सगळाच ज्ञानाच्या ओढीने येतो असे नाही. पत्र्याचे घर संध्याकाळी सात वाजता तव्यासारखे तापलेले असते, आणि इथे अंगणात निदान वारा लागतो. आमची त्याबद्दल तक्रार नाही. घराबाहेर पडल्यावर माणसाला बरे का वाटते, हाच आजचा विषय आहे. आणि त्यातही घर मागे न ठेवता, ते चाकांवर घालून बरोबर नेण्याचा.

हल्ली 'कॅम्पर' नावाची गाडी निघाली आहे. आत बाके, बाके ओढली की बिछाना, वर माळ्यासारखे आणखी एक झोपायचे ठिकाण, शेगडी, मोरी, पाण्याची टाकी. 2021 साली महाराष्ट्र शासनाने अशा गाड्यांच्या पर्यटनासाठी धोरणही केले. ही कल्पना मूळची इंग्रजांची, असे सांगतात. गॉर्डन स्टेबल्स नावाचे आरमारातले एक निवृत्त डॉक्टर होते. त्यांनी 1885 साली केवळ हौसेसाठी दोन घोड्यांची घरगाडी बांधून घेतली आणि ते इंग्लंडातून स्कॉटलंडपर्यंत हिंडले. त्यांच्यापुढे एक नोकर तीनचाकी सायकलवरून रस्ता मोकळा करीत जाई. पुढे 1951 च्या सुमारास जर्मनीत फोक्सवॅगनच्या गाडीत असे संसार बसवू लागले. हे सर्व खरे. पण टपाची बैलगाडी करून बायकामुलांसह तुळजापूरला किंवा पंढरपूरला जाणाऱ्या आपल्या आजोबा-पणजोबांना कोणत्याही डॉक्टरने ही विद्या शिकवलेली नव्हती.

आम्ही स्वतः असे एकदाच गेलो. 1969 सालचा जानेवारी. संक्रांत होऊन दोन-तीन दिवस झाले होते. अण्णा, म्हणजे आमचे वडील, गिरणीत मागावर होते. काकाही गिरणीतच. एक पहिल्या पाळीला, तर दुसरा रातपाळीला. दोन खोल्यांच्या त्या घरात कोणी ना कोणी सदैव झोपलेले असे, म्हणून आम्हा मुलांना सदैव गप्प बसवलेले असे. आई पहाटे एकाचा डबा करी आणि सकाळी दुसऱ्याचे ताट वाढी. गिरणीचा भोंगा झाला की अर्धे घर उठे नि अर्धे आडवे होई. सगळे घर एका वेळी निजले आहे, असे आम्ही दहा वर्षांच्या वयापर्यंत पाहिले नव्हते. सोलापुरात अशी घरे शेकड्यांनी होती. समोर बसलेल्यांपैकी कित्येकांना हे सांगायला नको.

अण्णांनी चार दिवसांची रजा काढली. मामा गावाकडून गाडी घेऊन आला. गाडीवर बांबूच्या कमानी, कमानींवर घोंगडी आणि ताडपत्री, खाली कडब्याच्या पेंढ्या, त्यांवर वाकळ. कण्याला कंदील. मागे बिंदगी आणि तवा बांधलेला. शिदोरी म्हणाल तर कडक भाकरी, शेंगांची चटणी आणि धपाटे. बैलांसाठी सरकीचे पोते. ते पोते आमची उशी झाले.

दुपारी तीनला निघालो. हिप्परग्याच्या तळ्यावर बैलांना पाणी दाखवले. हे तळे 1871 साली झाले. त्याच्या काठी तेव्हा हवेला एक ओला वास होता, तो आजही आठवतो. बैल तासाला फार तर कोसभर जातो. त्यामुळे झाड दिसले की ते बराच वेळ दिसत राही. शेतात हुरडा आलेली ज्वारी उभी होती. तामलवाडीला पोहोचेतो रात्र झाली. मामाने गाडी लिंबाखाली घेतली नि म्हणाला, "दाजी, जरा शिवळा काढा." अण्णांना शिवळा म्हणजे काय ते ठाऊक नव्हते! चार मागांवर राज्य करणारा माणूस जुवापाशी चाचपडत उभा राहिला आणि मामा पोट धरून हसला. मग अण्णाही हसले. त्यांना इतके मोकळे हसताना आम्ही त्या रात्री पाहिले.

तीन दगड मांडून आईने पिठले केले. पाणी मात्र अण्णांनी आणले, विहिरीवरून, दोन खेपा. घरी त्यांनी पाण्याला हात लावला नव्हता. इथे नळ नव्हता आणि भोंगाही नव्हता. गाडीत मायलेकरे, गाडीखाली मामा आणि अण्णा. अंधारी रात्र होती. कोणी कोणाला "हळू बोला" म्हणाले नाही, तरी बोलणे आपोआप हळू झाले आणि सगळे एकाच वेळी झोपलो. दुसऱ्या दिवशी घाट चढताना सगळ्यांनी उतरून गाडी लोटली. दर वळणावर चाकामागे धोंडा लावण्याचे काम आमचे होते. देवीचे दर्शन झाले. पण खरे सांगायचे तर देवळापेक्षा तामलवाडीची रात्रच जास्त लक्षात राहिली आहे. आईसाहेब क्षमा करतील.

गिरण्या एकामागून एक बंद झाल्या. पाळ्या मात्र संपल्या नाहीत. आमचे चिरंजीव पुण्याला संगणकाच्या कचेरीत असतात; त्यांचे साहेब अमेरिकेत, म्हणून यांची रात्र तो दिवस. सूनबाईंची नोकरी दिवसाची. नातवंडे दाराला कान लावून "बाबा झोपलेत का" पाहतात. हे पाहून आम्हीच गेल्या जानेवारीत कॅम्पर भाड्याने घेण्याचा हट्ट धरला. सोलापूरहून नळदुर्ग, तिथून तुळजापूर.

गाडी उत्तम. नळदुर्गचा किल्ला, बोरी नदीवरचा बांध आणि त्याच्या पोटातला पाणीमहाल मुलांनी डोळे विस्फारून पाहिला. नर-मादी धबधबे पावसाळ्यात पाहावेत. आम्हाला कोरडा कातळ दिसला. संध्याकाळी रस्त्याच्या कडेला, मालकाला विचारून, एका शेतात मुक्काम केला. आमच्या घरातून सूचना झाली की गाडीतली शेगडी आज पुरुषांनी पेटवावी, नाहीतर ही सहल कोणाची ते आधी ठरवा. खिचडी लागली, पण झाली. मात्र मोरीला नळ आहे म्हटल्यावर नातवंडांनी इतके हातपाय धुतले की रात्री आठ वाजता टाकी कोरडी पडली.

शेजारी ऊसतोड्यांच्या कोप्या होत्या. बैलगाड्या जू टेकवून उभ्या. आम्ही नि चिरंजीव भांडे घेऊन गेलो. तिथल्या बाईने काही न विचारता भरलेली घागर दिली, वर "भांडं लहान हाय तुमचं, घागरच न्या" म्हणाली. मग मुलांबरोबर गाडी बघायला आली. बिछाना दाबून पाहिला, नळ सोडून पाहिला. म्हणाली, "घर नाही व्हय तुम्हाला?" नातीने सांगितले, आहे, दोन आहेत. "मंग गाडीत का निजता?" नात आमच्याकडे पाहू लागली. सहा-सहा महिने बिऱ्हाड गाडीवर घालून हिंडणाऱ्या बाईला काय सांगावे? तामलवाडीची गोष्ट आम्ही सुरू केली होती. ती अर्ध्यावर सोडली. चिरंजीव म्हणाले, "मी रातपाळीला असतो, बाई. पोरांजवळ निजायला आलोय." तिने मान हलवली. तिचा नवराही मध्यरात्री ट्रॅक्टर भरायला जात असे, हे तिनेच मग सांगितले.

त्या रात्री आम्ही सहाजण एका वेळी झोपलो. चिरंजीवांना रात्री झोपण्याची सवय नसल्याने ते बराच वेळ जागे होते, पण आडवे होते, आणि धाकटा त्यांच्या दंडावर होता.

पहाटे जाग आली तेव्हा कोपीवरची माणसे फडावर निघून गेली होती. घागर आमच्याकडेच. ती नुसती दाराशी ठेवून जाणे बरे वाटेना. गावातल्या हापशावरून ती भरून आणली आणि दुपारी बाई परत येईपर्यंत तिथेच थांबलो. तुळजापूरला पोहोचायला त्यामुळे रात्र झाली.