शेणाचा दगड व बैलाचा दांत
(केनवड येथील पालकसभेंत केलेलें भाषण)



बैल घेतेवेळीं आपण आधीं त्याचें तोंड उघडतों. दोन दांती, चार दांती कीं जुळलेला, हें पाहिल्यावांचून पैसे मोजीत नाहीं. शेणावरून जनावराच्या पोटाची तक्रारही ओळखतों. हीच विद्या पुढें शिकली म्हणजे दगड झालेल्या हाडांचें शास्त्र होतें, असें आमचें म्हणणें आहे.

केनवडची काळी माती ज्या खडकाची झाली, तो सुमारें ६ कोटि ६० लक्ष वर्षांपूर्वीं रसरशीत होऊन जमिनींतून वर आला. त्याच्या खालचा जुना थर चंद्रपूर जिल्ह्यांत वरोऱ्याजवळ पिसदुरा येथें उघडा पडला आहे. तेथें डायनोसोर नांवाच्या अजस्र प्राण्यांचीं हाडें सांपडलीं, आणि शेणाचे दगडही सांपडले.

लखनौच्या बिरबल साहनी संस्थेंतील डॉ. वंदना प्रसाद व त्यांच्या सोबत्यांनीं तें शेण तपासलें. ज्वारीच्या पातीनें हात चिरतो, तो तिच्यांतील गारेसारख्या बारीक कणांमुळें. पात कुजते, कण कुजत नाहींत. गवताचे तसेच कण त्या शेणांत निघाले. डायनोसोरांच्या काळीं गवत नव्हतें, हा विद्वानांचा समज २००५ सालीं खोटा ठरला. २०११ सालीं भाताच्या कुळांतील गवताच्या खुणाही तेथें असल्याचें प्रसिद्ध झालें.

अशा गवतानें दाढ झिजते. ज्या जनावराची दाढ उंच, तें अधिक दिवस चरलें, त्याची पिलें अधिक उरलीं. लाखों वर्षें असें होतां होतां आजच्या बैलाची दाढ घडली. आपण चांगलें कणीस निवडून बियाणें ठेवतों, तशीच ही निवड. मात्र निवडणारा हात कोणाचा नाहीं. हिलाच उत्क्रांति म्हणतात.

मध्य प्रदेशांत धार जिल्ह्यांतील पाडल्या गांवचे शेतकरी शेतांत सांपडलेले गोल दगड देव म्हणून पुजीत. तीं डायनोसोरांचीं अंडीं आहेत, असें तज्ज्ञांनीं ओळखल्याचें २०२३ सालीं प्रसिद्ध झालें. आम्ही त्या बांधवांस हंसत नाहीं. त्यांनीं जपलीं म्हणून तीं राहिलीं. पण ओळखण्यास बाहेरचा माणूस यावा लागला, हें मनास लागतें.

कोणी म्हणेल, यानें पोट भरतें काय? जागा थोड्या आहेत, हें आम्ही लपवीत नाहीं. वाट अशी: बारावीस विज्ञान, पुढें भूगर्भशास्त्रांत बी.एस्‌सी. व एम्‌.एस्‌सी., मग संघ लोकसेवा आयोगाची परीक्षा देऊन भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण. त्याचें मोठें कार्यालय नागपुरांतच आहे. हाडांची जागा न मिळाली, तरी विहिरीचें पाणी व खनिज शोधण्यास हेंच शिक्षण लागतें.

गेल्या पावसाळ्यांत आमच्या वर्गांतील एका मुलीनें नांगराला लागलेला दगड आणून विचारलें, "गुरुजी, हें हाड कां?" ती गार निघाली. पण प्रश्न खरा होता. असा प्रश्न विचारणारें लेकरूं दहावीनंतर घरीं बसवूं नका, एवढेंच मागण्यास आम्ही उभे आहों.