उत्तीर्णतेची रेषा

परीक्षेचा निकाल लागला कीं घरोघर पहिला प्रश्न निघतो तो एकच: पास कीं नापास? या दोन शब्दांमधील रेषा कोणी ओढली आणि ती नेमकी तेथेंच कां ओढली, हा विचार सहसा कोणाच्या मनांत येत नाहीं. हिशेबनिसाच्या परीक्षेंत मात्र तो आल्यावांचून राहूं नये. जो उत्तीर्ण होईल त्याच्या सहीवर विसंबून उद्यां एखादा पेन्शनर आपली पुंजी कंपनीच्या भागांत गुंतविणार असतो, एखादी बँक कर्ज देणार असते. रेषा फार खालीं आली तर समाज फसतो. विनाकारण वर गेली तर लायक तरुण दाराबाहेर राहतो.

मुंबई सरकारनें १९१८ सालीं हिशेबशास्त्राची सरकारी पदविका सुरू केली. पुढें १९४९ च्या कायद्यान्वयें, त्याच सालीं १ जुलै रोजीं, इन्स्टिट्यूट ऑफ चार्टर्ड अकाउंटंट्स ऑफ इंडिया ही संस्था स्थापन झाली. तिच्या इंटरमीजिएट व फायनल परीक्षांचा नियम दिसण्यास सोपा आहे: प्रत्येक विषयांत शेंकडा ४० आणि गटाच्या एकंदर बेरजेंत शेंकडा ५०.

या दोन चाळण्या निरनिराळें काम करितात. शंभर-शंभर गुणांच्या तीन विषयांचा गट घ्या. एकास ७२, ६८ व ३९ गुण पडले. बेरीज १७९, सरासरी साठाच्या घरांत. तरीहि तो अनुत्तीर्ण. दुसऱ्यास ७०, ४० व ४० पडले. बेरीज बरोबर १५०, तो उत्तीर्ण. पहिल्याच्या घरीं हा अन्याय वाटणें स्वाभाविक आहे. पण नियमामागें विचार आहे. करकायदा उत्तम जाणणारा परंतु हिशेबतपासणीत कच्चा असा मनुष्य सनद घेऊन बसला तर त्याच्या गिऱ्हाइकांना त्याचें कच्चेपण कसें कळावें? म्हणून पहिली चाळणी उणीव शोधते, दुसरी एकंदर तयारी. मात्र दोन्ही गटांस एकदम बसणाऱ्यास थोडी सवलत मिळते: प्रत्येक विषयांत ४० मिळविले असतील, तर एका गटांतील अधिक गुण दुसऱ्या गटांतील तूट भरून काढूं शकतात.

येथवर सारें सरळ आहे. खरी अडचण पुढें आहे. ४० हा आंकडा दरवर्षीं तोच. प्रश्नपत्रिका मात्र दरवेळीं नवी. एके वर्षीं ती कठीण निघते, दुसऱ्या वर्षीं सोपी. परीक्षकहि अनेक; कोणाचा हात कडक, कोणाचा सैल. कापड मोजावयाचा गजच लांबआंखूड होऊं लागला, तर वाराच्या हिशेबास काय अर्थ? म्हणून कांहीं उत्तरपत्रिका पुन्हां तपासून परीक्षकांचे हात एका पातळीवर आणावे लागतात. शिवाय संस्थेच्या १९८८ च्या नियमावलींतील ३९ व्या नियमानें परीक्षेचा दर्जा राखण्यासाठीं सर्व किंवा कांहीं परीक्षार्थींचे गुण सुधारण्याचा अधिकार तिच्या कौन्सिलास दिला आहे.

हा अधिकार कोणत्या कसोटीनें वापरला जातो, असें एका परीक्षार्थीनें माहितीच्या अधिकाराखालीं विचारलें. प्रकरण मुंबईच्या उच्च न्यायालयांतून सर्वोच्च न्यायालयांत गेलें. २०११ सालच्या निकालांत परीक्षकांना विश्वासानें दिलेल्या सूचना व नमुना उत्तरें उघड करण्याची सक्ती न्यायालयानें केली नाहीं. परंतु गुण सुधारण्याची कांहीं ठराविक कसोटी असल्यास ती सांगितली पाहिजे, असें मात्र बजावलें.

अमेरिकेंतील वाट याच्या उलट आहे. तेथील सर्टिफाइड पब्लिक अकाउंटंटच्या परीक्षेंत प्रत्येक भागांत ७५ लागतात. पण हे शंभरापैकीं ७५ नव्हेत. ० ते ९९ अशा एका मापपट्टीवरील ती खूण आहे. प्रश्नांचा कठीणपणा लक्षांत घेऊन गुण त्या पट्टीवर बसविले जातात. मग खूण कोठें करावयाची? अशा कामाची एक प्रसिद्ध पद्धत विल्यम अँगॉफ यांच्या नांवानें ओळखली जाते. त्यांचें विवेचन १९७१ सालीं प्रसिद्ध झालें. व्यवसायांतील जाणत्यांची एक समिति बसते. काठावर उत्तीर्ण होण्यापुरताच लायक असा उमेदवार त्यांनीं डोळ्यांपुढें आणावयाचा. अशा शंभर उमेदवारांपैकीं किती जण हा प्रश्न बरोबर सोडवितील, असा अंदाज प्रत्येकानें प्रत्येक प्रश्नागणिक करावयाचा. एक म्हणतो ७०, दुसरा म्हणतो ६०. सर्व अंदाजांची सरासरी काढून बेरीज केली कीं रेषा सांपडते.

म्हणजे एका वाटेनें आंकडा आधीं ठरतो व कागद त्याच्याशीं जुळवून घ्यावा लागतो. दुसऱ्या वाटेनें कागदाची पारख आधीं व आंकडा मागाहून. दोहोंच्या मुळाशीं माणसाचाच निर्णय आहे. ३९ आणि ४० यांच्यामध्यें ज्ञानाची दरी नसते. तेथें केवळ रेषा असते. रेषा ओढल्यावांचून सनद देतां येत नाहीं, हें खरें. म्हणूनच ती विचारानें ओढलेली असावी, सर्वांना सारखी लागावी आणि तिचा नियम परीक्षेपूर्वीं सर्वांस ठाऊक असावा. जो व्यवसाय इतरांच्या वह्या उघडून पाहतो, त्यानें आपल्या गुणांची वहीहि उघडी ठेवण्यास तयार असावें, एवढीच अपेक्षा आहे.