मांजर की हत्ती?

(मेळाव्यातील भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला दहा मिनिटं दिली आहेत आणि वर बजावलंय, "एआयवर बोल, पण आम्हाला कळेल असं बोल." म्हणून एकच मुद्दा घेते. यंत्राला चित्र ओळखता आलं, म्हणजे त्याला आपल्यासारखं दिसलं असं नाही. आपल्या तुकडीत पाच डॉक्टर आहेत, तेव्हा हे इथे बोलायलाच हवं.

सुरुवात मांजरापासून. डेव्हिड ह्यूबेल आणि टॉर्स्टन वीझल हे दोघे अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात मांजराच्या मेंदूतल्या, दृष्टीचं काम करणाऱ्या एकेका पेशीचे विद्युतसंकेत ऐकत होते. मांजरापुढे ठिपके दाखवायचे आणि पेशी काय म्हणते ते स्पीकरवर ऐकायचं. पेशी ठिपक्यांना काही दाद देईना. मग काचेची स्लाइड सरकवताना तिच्या कडेची पुसट सावली पडली आणि पेशी लाह्यांसारखी तडतडली! तिला ठिपका नकोच होता, ठरावीक तिरकेपणाची रेघ हवी होती. हे काम १९५९ मध्ये प्रसिद्ध झालं आणि १९८१ मध्ये दोघांना नोबेल मिळालं. शाळेत आपण 'डोळा कॅमेऱ्यासारखा असतो' एवढ्यावर थांबलो. खरी गंमत दृष्टिपटलाच्या पुढे, मेंदूत आहे.

आमच्याकडची न्यूरल नेटवर्क याच कल्पनेवर उभी आहेत. आधी रेघा, मग कोपरे, मग आकार. जपानच्या कुनिहिको फुकुशिमा यांनी १९८० मध्ये तशी रचना मांडली होती. २०१२ मध्ये अलेक्सनेट नावाच्या नेटवर्कला सुमारे १२ लाख फोटो नावांसकट शिकायला दिले. नंतर त्याचा पहिला थर उघडून पाहिला, तर आत तिरक्या रेघा शोधणाऱ्या चाळण्या तयार झालेल्या! रेघा शोध, असं त्याला कुणीही सांगितलं नव्हतं. ते चित्र मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा अंगावर काटा आला होता.

पण पुढे वाटा वेगळ्या होतात. जर्मनीत ट्युबिंगनच्या संशोधकांनी मांजराचा आकार तसाच ठेवून अंगावर हत्तीची सुरकुतलेली कातडी चढवली. माणसं म्हणाली, मांजर. नेटवर्क म्हणालं, भारतीय हत्ती! लाखो फोटोंत नुसत्या कातडीवरून उत्तर बरोबर येत असेल, तर आकाराच्या भानगडीत ते कशाला पडेल? 'अपेक्षित' पाठ करून पेपर सोडवणाऱ्या आपल्या पिढीला हे वेगळं समजावून सांगायला नको.

हत्तीवर हसता येतं, एक्स-रेवर नाही. अमेरिकेत छातीच्या एक्स-रेवरून न्यूमोनिया ओळखणाऱ्या नेटवर्कचा एक अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. एक्स-रे कोणत्या रुग्णालयातला आहे हे त्या नेटवर्कला जवळजवळ अचूक कळत होतं. तंत्रज्ञ फिल्मच्या कोपऱ्यात धातूची खूण ठेवतात, तिचाही त्याला उपयोग होत होता. ज्या रुग्णालयात न्यूमोनियाचे रुग्ण जास्त, तिथली खूण दिसली की आजाराची शक्यता जास्त, असं साधं गणित. फुप्फुसाकडे पाहण्याची गरज तेवढी कमी! आणि बाहेरच्या रुग्णालयांचे एक्स-रे दिल्यावर बऱ्याच तुलनांत त्याची कामगिरी घसरली.

मग माणूस पाहायला शिकतो कसा? याचं मला सर्वांत आवडणारं उत्तर दिल्लीत मिळालं. एमआयटीचे प्राध्यापक पवन सिन्हा यांच्या 'प्रोजेक्ट प्रकाश'मध्ये जन्मापासून अंध असलेल्या मुलांवर उपचार होतात आणि नव्यानं दिसू लागल्यावर त्यांना काय दिसतं याचा अभ्यासही होतो. एकमेकांवर आलेला गोल आणि चौकोन दाखवला, तर सुरुवातीला त्यांना दोन आकार दिसत नाहीत, सुटे तुकडे दिसतात. पण तेच आकार हलवले की तुकडे जुळतात! जे एकत्र सरकतं ते एका वस्तूचं, हे मेंदू पकडतो. काही महिन्यांनी स्थिर चित्रंही जमू लागतात. म्हणजे हालचाल हीच त्यांची पहिली शिक्षिका. अलेक्सनेटनं जग पाहिलं ते फक्त थिजलेल्या फोटोंत.

आज सकाळी गेटपाशी मी एका पाठमोऱ्या माणसाला हाक मारली. केस गेलेले, पोट आलेलं, पण चाल तीच, डावा खांदा उडवत. आपला खो-खोचा कॅप्टन! त्याचा आत्ताचा फोटो दाखवला असता तर मी ओळखलं नसतं, हे त्यालाही सांगून झालंय.

माझं रोजचं काम याहून रुक्ष आहे. कारखान्यातल्या सुट्या भागांचे फोटो पाहून तडा शोधणारी प्रणाली आम्ही बनवतो. तिनं तडा बरोबर सांगितला तरी आम्ही तेवढ्यावर सोडत नाही. फोटोचा एकेक तुकडा झाकून तिला पुन्हा विचारतो. तड्यावर पट्टी लावली आणि तरीही ती 'तडा आहे' म्हणाली, तर ती दुसरंच काहीतरी पाहतेय: तेलाचा डाग, टेबलाची कड, काहीही. मग ती परत शाळेत. आपल्या डॉक्टर मंडळींकडे आता असली सॉफ्टवेअर विकायला लोक येतात. ते टक्के सांगतील, रंगीत तक्ते दाखवतील. त्यांना एवढंच म्हणा: हे फुप्फुस झाकून दाखवा, आणि मग काय उत्तर येतं ते बघू.