दोन डोळे, एक उपयोग

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



या व्यासपीठावरून आजवर पूज्य महाराजसाहेबांची व विद्वानांची प्रवचने झाली. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर, सारे आयुष्य कापडाच्या दुकानात गेलेले. मेंदूविषयी बोलण्याचा अधिकार माझा नाही. परंतु घरातील एका प्रसंगाने मला या विषयाचे वाचन करावयास लावले.

माझी नात साडेचार वर्षांची असताना खेळताखेळता कोणीतरी तिचा उजवा डोळा झाकला आणि ती घाबरून रडू लागली. डावा डोळा वरून निर्दोष होता, पण त्याने तिला जेमतेम अंधुक दिसत होते. तिने कधी तक्रार केली नव्हती, आम्हालाही कधी शंका आली नव्हती. नेत्रतज्ज्ञांनी सांगितले की दोन्ही डोळ्यांच्या नंबरात फार फरक आहे. एक चित्र स्वच्छ आणि दुसरे पुसट येत राहिल्याने मेंदूने पुसट चित्र स्वीकारणेच सोडून दिले आहे. लोक यास आळशी डोळा म्हणतात. मला तो शब्द अन्यायाचा वाटतो. डोळा आपले काम करीतच असतो, त्याचे ऐकून घेतले जात नाही.

एरवी आपल्या दोन डोळ्यांची चित्रे किंचित वेगळी असतात आणि मेंदू त्यांचे एक चित्र करतो. आपल्या तालुक्यात खोडदला रेडिओ दुर्बिणीच्या तीस तबकड्या आहेत, त्यांचे संकेतही असेच जुळवून आकाशाचे एक चित्र तयार होते. पण दोन डोळ्यांसमोर न जुळणारी चित्रे आली तर?

सभेत आपण करून पाहिलेला प्रयोग वाचकांनी घरीही करावा. जिलेटिनचा तांबडा कागद एका डोळ्यासमोर आणि हिरवा दुसऱ्यासमोर धरून पांढऱ्या भिंतीकडे पाहावे. (सूर्याकडे पाहू नये.) थोड्या वेळाने भिंत कधी तांबडी, कधी हिरवी दिसू लागते. हात स्थिर, कागद स्थिर, भिंत तीच. बदल आत होतो. इटलीच्या पोर्ता यांनी 1593 साली प्रत्येक डोळ्यासमोर एकेक पुस्तक ठेवून लिहून ठेवले की एका वेळी एकच वाचता येते. इंग्लंडच्या व्हीटस्टन यांनी 1838 मध्ये दोन डोळ्यांना दोन भिन्न अक्षरे दाखवून तीच चढाओढ वर्णन केली.

मेंदूतील विद्युत्‌लहरींची माणसातील पहिली नोंद जर्मनीत हान्स बर्गर यांनी 1924 मध्ये घेतली. पुढे अशी युक्ती निघाली की दोन डोळ्यांसमोरील चित्रे वेगवेगळ्या गतीने लुकलुकवायची. मेंदूच्या लहरींतही त्या दोन गती वेगवेगळ्या ओळखू येतात. जणू दोन ताग्यांना दोन चिठ्ठ्या लावल्या. टोनोनी, एडलमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी 1998 साली अशाच प्रयोगात एका डोळ्यास उभ्या तांबड्या रेघा आणि दुसऱ्यास आडव्या निळ्या रेघा दाखवल्या. मी कापडवाला, उभा-आडवा धागा म्हटले की मला चौकडी दिसते. पण डोक्यात चौकडी विणली जात नाही! काही क्षण उभे, काही क्षण आडवे. ज्या रेघा माणसास दिसत, त्यांच्या गतीची लहर बळावे. न दिसणाऱ्यांची क्षीण होई, मात्र ती शून्य होत नसे. न दिसलेलेही आत पोहोचलेले असते.

याहून मला विचारात टाकणारे काम 2011 सालचे, अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठातले आहे. चित्रे डोळ्यांसमोर तशीच ठेवून लोकांचे लक्ष दुसऱ्या कामात गुंतवले, तेव्हा लहरींची ही चढउतार थांबली. लक्ष नव्हते तेथे चढाओढही नव्हती.

हे वाचताना आपल्या परंपरेतील पाचवे निह्नव आर्य गंग आठवल्याशिवाय कसे राहतील? वीर निर्वाणानंतर 228 वर्षांनी, शरद ऋतूत ते गुरुवंदनेसाठी उल्लुका नदी ओलांडीत होते. मस्तकावर ऊन तापत होते, पायांना पाणी गार लागत होते. त्यांनी मानले की एकाच समयी दोन अनुभव होतात. आचार्य धनगुप्तांनी समजावले की मन अतिशीघ्र आहे, उपयोग क्रमानेच जातो. एकावर एक रचलेल्या शंभर कमलपत्रांतून सुई आरपार गेली की सारी एकदम भेदली असे वाटते, तसे हे आहे. गंगांनी ऐकले नाही व ते संघाबाहेर झाले. पुढे राजगृही त्यांना चूक उमगली व ते परतले. विशेषावश्यक भाष्यात जिनभद्रगणी क्षमाश्रमणांनी या वादाचा विस्ताराने ऊहापोह केला आहे. (केवली भगवंतांच्या ज्ञान-दर्शनाविषयी परंपरांत मतभेद आहेत, येथे आपण छद्मस्थांपुरते बोलत आहोत.)

विज्ञानाने शास्त्र सिद्ध केले असे म्हणण्याची हल्ली पद्धत पडली आहे. मला ती रुचत नाही. गंगांचा प्रश्न स्पर्शाचा होता, हे प्रयोग दृष्टीचे आहेत. आणि दबलेली लहर शिल्लक राहते, हेही विसरून चालणार नाही. परंतु प्रश्न तोच आहे.

मनाची ही ये-जा साधनेने बदलते काय? 2005 साली ऑलिव्हिया कार्टर, पेटिग्रू आदींनी लडाखच्या बाजूस जाऊन 76 तिबेटी बौद्ध भिक्षूंचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांची साधना 5 ते 54 वर्षांची होती. चित्रांच्या चढाओढीची कसोटी दिलेल्यांपैकी निम्म्याहून अधिकांना एकाग्र ध्यानात एकच चित्र पुष्कळ जास्त वेळ टिकून दिसले. करुणेच्या ध्यानात तसा फरक पडला नाही. आपल्या सामायिकाची अशी कसोटी कोणी घेतल्याचे माझ्या वाचनात नाही. घ्यावी, असे मला वाटते.

स्वतःविषयी सांगतो. मी कित्येक वर्षे गादीवर बसून माळ फिरवीत असे आणि दोन्ही कामे होतात असा मला अभिमान होता. एकदा माळ चालू असताना अडीच मीटरच्या जागी साडेतीन मीटर कापड फाडले. गिऱ्हाईक हसले, मीही हसलो. नवकार किती वेळा अर्ध्यावर फाटला असेल, त्याचा हिशेब कोणी ठेवला नव्हता. आता सकाळचे 48 मिनिटांचे सामायिक दुकान उघडण्यापूर्वी, बंद खोलीत करतो. मन तेथेही धावते, पण धावले हे कळते.

नातीचे सांगायचे राहिले. चष्मा लागला आणि चांगल्या डोळ्यावर रोज काही तास पट्टी. पहिले दिवस फार रडारडीचे गेले. पट्टी काढून ती पलंगाखाली लपवी. सहा महिन्यांनी मात्र दुकानात येऊन डाव्या डोळ्याने कापडावरची बारीक बुंदकी मोजू लागली. डॉक्टर म्हणाले, सात वर्षांच्या आत लक्षात आले म्हणून लवकर गुण आला. उशीर झाला की कठीण होत जाते.

शंभरात दोन-तीन मुलांना हा विकार असतो. नेत्रशिबिरे आपण बहुधा वडीलधाऱ्यांच्या मोतीबिंदूसाठी भरवतो. विश्वस्त मंडळास माझी विनंती आहे की पुढील शिबिरात तीन ते पाच वर्षांच्या मुलांचीही, एकेक डोळा झाकून, तपासणी व्हावी. जुन्नर, ओतूर, नारायणगाव, मंचर, घोडेगाव येथील मुलांना आणण्या-नेण्याचा खर्च मी आनंदाने उचलीन.

बोलण्यात जिनाज्ञेविरुद्ध काही आले असल्यास त्रिविधे मिच्छामि दुक्कडम्.