पेंग्विन का घटतात, का वाढतात?

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील व्याख्यानाचा संपादित पाठ)



आजच्या व्याख्यानाचा विषय ऐकून आपल्यापैकी काहींना नवल वाटले असेल. कोठे आपला हा प्रदेश आणि कोठे दक्षिण गोलार्धातील पेंग्विन! परंतु आपल्यापैकी अनेकांनी मुलानातवंडांचा हात धरून मुंबईच्या राणीच्या बागेतील पेंग्विन पाहिलेले असतील. दक्षिण कोरियाहून २०१६ मध्ये तेथे आणलेले हे पक्षी हम्बोल्ट जातीचे आहेत. काचेमागील गारव्यात त्यांना पाहून, पेंग्विन म्हणजे बर्फातच राहणारा पक्षी, असा आपला समज दृढ होतो. वस्तुतः हम्बोल्ट पेंग्विनाचे मूळ घर म्हणजे पेरू आणि चिली या देशांचा किनारा. त्यातला बराचसा भाग तर ओसाड वाळवंटाला लागून आहे. तेथे तो जगतो तो किनाऱ्यालगतच्या थंड सागरी प्रवाहामुळे आणि त्या प्रवाहात वाढणाऱ्या माशांमुळे. प्रवाह बदलला, मासे दुरावले, की पक्षी घटतात. आजच्या विषयाचे मर्म या एका वाक्यात आले आहे.

जगात पेंग्विनाच्या साधारण अठरा जाती मानल्या जातात. त्यांपैकी सुमारे निम्म्या जाती आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या सूचीत धोक्यात आलेल्या म्हणून नोंदलेल्या आहेत. मात्र सर्वच पेंग्विन सर्वत्र घटत आहेत, असे म्हणणे सत्याला धरून होणार नाही. काही जाती वाढत आहेत, काही स्थिर आहेत, काही वेगाने नाहीशा होत आहेत. म्हणून प्रश्न विचारायचा तो असा : अमुक ठिकाणी, अमुक काळात ही संख्या का बदलली? कारण नीट ओळखले नाही, तर कितीही सद्भावनेने केलेला उपाय अपुरा पडतो. आफ्रिकी पेंग्विनाची कहाणी हेच सांगते, आणि आज मी मुख्यतः तिच्याविषयी बोलणार आहे.

आफ्रिकी पेंग्विन हा दक्षिण आफ्रिका आणि नामिबिया या दोनच देशांच्या किनाऱ्यांवर प्रजनन करतो. विसाव्या शतकाच्या आरंभी केपटाऊनजवळच्या एकट्या डासेन बेटावर यांची संख्या दहा लाखांच्या पुढे असावी, असा अंदाज आहे. १९५० च्या दशकात या जातीची पहिली व्यापक गणना झाली, तेव्हा सुमारे दीड लाख जोड्या उरल्या होत्या. आज दहा हजारांहूनही कमी जोड्या शिल्लक आहेत. २०२४ मध्ये या पक्ष्याची नोंद 'अतिसंकटग्रस्त' या वर्गात करण्यात आली. हीच गती राहिली तर २०३५ च्या सुमारास ही जात निसर्गातून लुप्त होऊ शकेल, असा इशारा शास्त्रज्ञांनी दिला आहे.

ही घसरण एका कारणाने झाली नाही. तिचे टप्पे आहेत. पहिला टप्पा खताचा. शतकानुशतके साचलेल्या पक्ष्यांच्या विष्ठेचे जाड थर या बेटांवर होते. त्या थरांत बीळ कोरून पेंग्विन आपले घरटे करीत. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास युरोपातील शेतीसाठी हे खत सोन्याच्या भावाने विकले जाऊ लागले आणि जहाजांच्या रांगा लागल्या. बेटे खडकापर्यंत खरवडली गेली. पक्ष्याला कोणी हात लावला नाही, पण त्याचे छप्पर गेले. उघड्यावर घातलेली अंडी कडक उन्हात करपू लागली, पिल्ले पावसात गारठू लागली आणि समुद्री कुरव पक्ष्यांना ती आयतीच सापडू लागली.

दुसरा टप्पा अंड्यांचा. पेंग्विनाचे अंडे हा त्या काळी चवीने खाल्ला जाणारा पदार्थ होता आणि लक्षावधी अंडी दरवर्षी गोळा होऊन बाजारात जात. ही मादी एका वेळी साधारणतः दोनच अंडी घालते आणि नर-मादी आळीपाळीने जवळजवळ चाळीस दिवस ती उबवतात. अशा पक्ष्याची पिढीच्या पिढी उचलली गेली. १९६० च्या दशकाच्या अखेरीस हे अंडीसंकलन थांबले. ते थांबल्यावर पक्षी सावरायला हवे होते. ते सावरले नाहीत.

येथे क्षणभर दुसऱ्या एका बेटाकडे वळू. ऑस्ट्रेलियाच्या दक्षिणेस मॅक्वारी नावाचे बेट आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून तेथे पेंग्विन मारून, मोठ्या कढयांत शिजवून त्यांचे तेल काढण्याचा उद्योग चालत असे. या क्रौर्याविरुद्ध आवाज उठला. ध्रुवप्रदेशाचे संशोधक डग्लस मॉसन यांच्यासारख्या व्यक्तींनी त्यासाठी प्रयत्न केले. १९१९ च्या सुमारास तो उद्योग बंद पडला आणि १९३३ मध्ये बेटाला अभयारण्याचा दर्जा मिळाला. तेथील राजा पेंग्विन काही हजारांवर आले होते. १९८० पर्यंत त्यांची संख्या दोन लाखांच्या पुढे गेली. मारणे थांबले आणि समुद्रात अन्न होते, म्हणून संख्या वाढली. या दोन्ही अटी ध्यानात ठेवाव्यात. आफ्रिकी पेंग्विनाच्या बाबतीत पहिली अट पूर्ण झाली, दुसरी झाली नाही.

तत्पूर्वी तिसरा टप्पा आला, तो तेलाचा. केपला वळसा घालून जाणारा जलमार्ग जगातील अत्यंत वर्दळीच्या मार्गांपैकी एक. २३ जून २००० रोजी 'ट्रेझर' नावाचे मालवाहू जहाज रॉबेन आणि डासेन या दोन बेटांच्या दरम्यान बुडाले आणि त्यातील इंधन तेल समुद्रावर पसरले. पेंग्विनाची पिसे तेलाने माखली की त्यांतील ऊब राखण्याची शक्ती नष्ट होते. पक्षी थंडीने काकडतो, पाण्यात उतरू शकत नाही आणि उपाशी मरतो. सुमारे १९,००० पक्षी माखले गेले होते. केपटाऊनमधील रेल्वेच्या एका जुन्या प्रचंड शेडमध्ये त्यांच्यासाठी तात्पुरते रुग्णालय उभे राहिले. 'सँकॉब' ही समुद्रपक्ष्यांच्या शुश्रूषेसाठी १९६८ पासून काम करणारी संस्था पुढे झाली आणि देशोदेशींचे हजारो स्वयंसेवक धावून आले. एकेक पक्षी हाती धरून धुवायचा, त्याच्या चोचीचे बोचकारे सहन करायचे आणि हाताने त्याला भरवायचे, असे काम अनेक आठवडे चालले.

याच्या जोडीला एक विलक्षण युक्ती योजण्यात आली. जे सुमारे १९,५०० पक्षी अद्याप स्वच्छ होते, त्यांना पकडून शेकडो किलोमीटर पूर्वेला पोर्ट एलिझाबेथजवळ नेऊन समुद्रात सोडण्यात आले. ते पोहत आपल्या बेटांकडे परत येणार हे ठाऊक होते. त्यांना परतायला जो वेळ लागेल, तेवढ्यात समुद्र स्वच्छ करावा, असा विचार त्यामागे होता. तीन पक्ष्यांच्या पाठीवर उपग्रहाला संदेश देणारी छोटी यंत्रे बसविली होती आणि त्यांचा परतीचा प्रवास लोक दररोज उत्सुकतेने पाहत होते. पक्षी परतले, तोवर समुद्र बराचसा निवळला होता. माखलेल्या पक्ष्यांपैकीही सुमारे नव्वद टक्के वाचले. वन्य पक्ष्यांना वाचविण्याचे इतके मोठे आणि इतके यशस्वी कार्य त्यापूर्वी झाले नव्हते.

बंधू-भगिनींनो, कहाणी येथे संपली असती तर किती बरे झाले असते! परंतु २०२५ च्या अखेरीस प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने जे दाखवून दिले ते मन विषण्ण करणारे आहे. ज्या डासेन आणि रॉबेन बेटांच्या पक्ष्यांसाठी एवढा आटापिटा झाला, त्याच बेटांवर २००४ मध्ये प्रजनन करणाऱ्या पेंग्विनांपैकी सुमारे ९५ टक्के पक्षी पुढील आठ वर्षांत मृत्यू पावले असावेत, असा त्याचा निष्कर्ष आहे. मृत्यूचे प्रमुख कारण उपासमार.

ही उपासमार समजून घेण्यासाठी पेंग्विनाच्या देहधर्माकडे पाहावे लागते. वर्षातून एकदा हा पक्षी आपली सर्व पिसे एकदम टाकतो आणि नवी धारण करतो. या सुमारे तीन आठवड्यांत त्याचे अंग जलरोधक राहत नाही. त्यामुळे तो समुद्रात जाऊ शकत नाही आणि किनाऱ्यावर निराहार उभा राहतो. त्यासाठी आधी भरपूर खाऊन चरबी साठवावी लागते आणि नंतर झीज भरून काढावी लागते. आधी किंवा नंतर मासे मिळाले नाहीत, तर हा काळ त्याच्या जिवावर बेततो.

मासे का मिळेनात? त्याचे मुख्य अन्न म्हणजे सार्डिन आणि अँकोव्ही हे थव्याने फिरणारे छोटे मासे. समुद्राच्या पाण्याचे तापमान आणि क्षारता यांत बदल होत गेला, तसतसे या माशांचे अंडी घालण्याचे क्षेत्र पश्चिम किनाऱ्यावरून दक्षिण-पूर्वेकडे सरकले. मासेमारीचे कारखाने आणि बंदरे मात्र पश्चिमेलाच राहिली. परिणामी जेथे मासा उणा झाला होता, तेथेच जाळ्यांचा भार अधिक पडला. २००४ नंतर बहुतेक वर्षी सार्डिनचा साठा त्याच्या उच्चांकाच्या चौथ्या हिश्श्याहून खाली राहिला. आपण व्यापार जाणणारी मंडळी आहोत. व्याज घटले असतानाही पूर्वीइतकाच खर्च चालू ठेवला, तर मुद्दल कसे वितळते हे आपल्याला वेगळे सांगायला नको. निसर्गाने साठा हलविला आणि मनुष्याने उचल थांबविली नाही. दोन्ही कारणे एकत्र आली आणि मध्ये पेंग्विन सापडला.

नामिबियात हेच अधिक तीव्र रूपात घडले. तेथील सार्डिनचा साठा अतिरिक्त मासेमारीने १९७० च्या दशकापर्यंत कोसळला आणि त्याची जागा बव्हंशी जेलीफिशने घेतली. तरुण पेंग्विन घरटे सोडल्यावर थंड आणि वनस्पतिप्लवकांनी समृद्ध पाणी शोधीत जातात, कारण पूर्वापार तेथेच मासे असत. आजही ती खूण त्यांना तेथे नेते. खूण कायम आहे, मासा मात्र राहिला नाही. त्यांची पिढ्यान्‌पिढ्यांची उपजत बुद्धीच त्यांच्यासाठी सापळा ठरली आहे.

आता बर्फाच्या प्रदेशाकडे थोडक्यात पाहू. अंटार्क्टिक द्वीपकल्पाच्या पश्चिम भागात हवा झपाट्याने उष्ण झाली. तेथे बर्फावर अवलंबून असणारे अ‍ॅडेली पेंग्विन घटले, तर मोकळे पाणी पसंत करणारे जेंटू पेंग्विन वाढले आणि दक्षिणेकडे सरकले. एलिफंट बेटावर चिनस्ट्रॅप पेंग्विनांच्या जोड्या १९७१ ते २०२० या काळात निम्म्याहून कमी झाल्या. सम्राट पेंग्विन तर आपली पिल्ले समुद्रावरील गोठलेल्या बर्फावरच वाढवितो. पिल्लांना जलरोधक पिसे फुटण्यापूर्वी बर्फ फुटला, तर पिल्ले बुडतात किंवा गारठतात. २०२२ मध्ये बेलिंग्सहाउसन समुद्रातील पाच वसाहतींपैकी चार वसाहतींत, उपग्रहचित्रांवरून दिसते त्याप्रमाणे, बहुधा एकही पिल्लू वाचले नाही. येथे कोणाचे जाळे नाही, कोणाचे तेल नाही. हजारो कोसांवरील धुरांड्यांचा हा परिणाम आहे.

याउलट २०१८ मध्ये 'डेंजर' बेटांवर अ‍ॅडेली पेंग्विनांच्या साडेसात लाख जोड्या आढळल्याचे जाहीर झाले. अंतराळातून दिसलेल्या विष्ठेच्या डागांवरून सुगावा लागला आणि ड्रोनच्या साहाय्याने मोजणी झाली. यावरून दोन गोष्टी समजतात. मोजल्याशिवाय निराश होऊ नये, हे एक. आणि एका ठिकाणची विपुलता पाहून दुसऱ्या ठिकाणच्या संकटाकडे डोळेझाक करू नये, हे दुसरे.

मग उपाय काय? आफ्रिकी पेंग्विनासाठी ते सुरू झाले आहेत. उघड्या बेटांवर कृत्रिम घरटी ठेवली जातात. डी हूप येथे, जेथे मासे सरकले त्या दिशेला, काँक्रीटचे बनावट पेंग्विन उभे करून आणि त्यांचे आवाज ऐकवून नवी वसाहत वसविण्याचा प्रयत्न झाला, आणि २०२२ मध्ये तेथे पक्ष्यांनी घरटे केले. पण सर्वांत महत्त्वाचा उपाय समुद्रात अन्न शिल्लक ठेवण्याचा आहे. बेटांभोवती मासेमारी थांबवावी की नाही, यावर २००८ पासून प्रयोग आणि वाद चालले होते. अखेर 'सँकॉब' आणि 'बर्डलाइफ साउथ आफ्रिका' या संस्थांनी २०२४ मध्ये न्यायालयाचा दरवाजा ठोठावला. मार्च २०२५ मध्ये संस्था, शासन आणि मच्छीमार उद्योग यांच्यात तडजोड झाली आणि तिला प्रिटोरिया येथील उच्च न्यायालयाच्या आदेशाचे रूप मिळाले. त्यानुसार सहा प्रमुख वसाहतींभोवतीच्या ठरावीक क्षेत्रात दहा वर्षे सार्डिन आणि अँकोव्हीची व्यापारी मासेमारी बंद राहील.

या उद्योगावर अनेक कुटुंबांची चूल अवलंबून आहे, हे विसरून चालणार नाही. म्हणूनच तिन्ही पक्षांच्या संमतीने निर्णय झाला, याचे मोल मोठे आहे. या बंदीने पक्षी निश्चित वाचतीलच, असे कोणी म्हणत नाही. समुद्राचे बदललेले तापमान न्यायालयाच्या आदेशाने पूर्ववत होत नाही. परंतु आशेला आधार आहे. केपटाऊनजवळच्या बोल्डर्स किनाऱ्यावर १९८२ मध्ये अवघ्या दोन जोड्या येऊन राहिल्या. तेथील उपसागरात माशांची व्यापारी पकड कमी झाली होती, तेव्हा पाहता पाहता तेथे हजारोंची वस्ती झाली.

तेलाने माखलेला पक्षी डोळ्यांना दिसतो आणि हात आपोआप पुढे होतात. ही करुणा श्रेष्ठच आहे. तिच्याविना २००० साली हजारो जीव गेले असते. पण उपाशी पक्षी दूर समुद्रात, कोणाच्याही नजरेस न पडता मरतो. त्याच्यासाठी धावून जायला जागाच नसते. त्याच्या वाट्याचे आधीच बाजूला काढून ठेवावे लागते. दिसलेल्या दुःखासाठी धावणे आणि न दिसणाऱ्या दुःखाचे कारण शोधून ते आवरणे, या दोहोंपैकी दुसरे काम अधिक अवघड आहे. त्यात टाळ्या मिळत नाहीत आणि आपल्या लाभातला काही भाग सोडावा लागतो. आफ्रिकी पेंग्विनाचे भवितव्य आता या दुसऱ्या कामावर अवलंबून आहे.