विजेच्या तारेकडे बघून दुर्बीण घ्या

मी तोफखान्यातला माणूस. नाशिकजवळ देवळालीच्या स्कूल ऑफ आर्टिलरीत ऐन विशीत गळ्यात दुर्बीण पडली. पुढे नोकरीतली उमेदीची वर्षं मी ओपीवर, म्हणजे निरीक्षण चौकीवर काढली. समोरच्या डोंगरावर आपला गोळा कुठे पडला ते दुर्बिणीतून बघायचं आणि मागे तोफांना कळवायचं, एवढं डावीकडे, एवढं पुढे. त्यामुळे दुर्बिणीतलं आपल्याला सगळं कळतं, असा माझा पक्का समज होता. त्या समजापायी मी माझ्या बायकोवर दोन वर्षं अन्याय केला. ती गोष्ट सांगितल्याशिवाय दुर्बीण कशी घ्यावी हे सांगण्यात अर्थ नाही, म्हणून आधी तीच सांगतो.

निवृत्तीनंतर आम्ही महूला स्थायिक झालो. इंदूरच्या बाजूला यशवंत सागर म्हणून मोठा तलाव आहे, तिथे सारस क्रौंच दिसतात. आमच्या सौ. साठीच्या उंबरठ्यावर पक्षी बघायला लागल्या. मी म्हटलं, दुर्बीण मी आणतो, तू बघू नकोस त्यात. एका मोठ्या शहराच्या जुन्या बाजारात मला १२×५० ची दुर्बीण दिसली. फौजी हिरवा रंग, वर सरकारी मालावर असतो तसा बाण कोरलेला. दुकानदार म्हणाला, "साब, मिलिटरी का माल है." हिरवा रंग बघून गडी विरघळला! बाण काय, कुणीही कोरू शकतो, हे तेव्हा सुचलं नाही. घासाघीस केली, किंमत निम्म्यावर आणली आणि लढाई जिंकल्यासारखा घरी आलो.

पहिल्याच रविवारी तलावावर पंधरा मिनिटांत हिचं डोकं दुखायला लागलं. "पक्षी सापडतच नाही हो, आणि सापडला तर नीट दिसत नाही." मी म्हटलं, सराव कर. रिक्रूटाला सांगावं तसं. तिने खरंच केला सराव, गच्चीवर उभं राहून, महिनाभर. डोकं दुखायचं थांबलं नाही. डोळ्यांच्या डॉक्टरांनी चष्म्याचा नंबर बरोबर असल्याचं सांगितलं. मोतीबिंदूची सुरुवात आहे म्हणाले, पण काळजीचं कारण नाही. त्यातला 'मोतीबिंदू' तेवढा तिने धरून ठेवला. हळूहळू ती दुर्बीण गाडीतच ठेवू लागली, मग स्वतःही गाडीत बसू लागली. "तुम्ही बघून या, माझे डोळे गेले आता." आणि मी बघून यायचो.

दोन हिवाळे असे गेले. तिसऱ्या हिवाळ्यात ग्रुपमधल्या एका मुलीने आपली ८×३२ ची दुर्बीण आग्रहाने हिच्या हातात दिली. समोर शेतात सारसांची जोडी होती. ही बराच वेळ बघत राहिली. मग माझ्याकडे न बघताच म्हणाली, "अहो, यात एकच मान दिसते."

म्हणजे दोन वर्षं तिला प्रत्येक पक्ष्याला दोन माना दिसत होत्या, आणि दोष डोळ्यांचाच असणार म्हणून ती बोलली नव्हती.

घरी येऊन मी ती हिरवी दुर्बीण समोरच्या विजेच्या तारेवर लावली. ओपीवर बसणाऱ्या माणसाने हे पहिल्याच दिवशी करायला हवं होतं. दुर्बीण डोळ्यांपासून हळूहळू वीतभर मागे घेतली, तर डाव्या नळीतली तार एका उंचीवर आणि उजव्या नळीतली तिच्या चांगलीच खाली. दोन नळ्या दोन दिशांना बघत होत्या.

याला म्हणतात कोलिमेशन बिघडणं. दुर्बीण म्हणजे शेजारीशेजारी बांधलेल्या दोन नळ्या, आणि त्या अगदी समांतर असाव्या लागतात. एकदा हातातून पडली की आतलं प्रिझम केसभर सरकतं, बाहेरून काही दिसत नाही. मग आपले डोळे बिचारे दोन चित्रं जुळवायला धडपडतात. डोळ्यांना आत वळायची सवय असते, वाचताना आपण तेच करतो. पण एक डोळा वर आणि एक खाली हे त्यांना जमत नाही. थोडा फरक असला तर मेंदू चित्र जुळवून घेतो आणि त्याची किंमत डोकेदुखीने वसूल करतो. जास्त असला तर दोन माना.

मग मला का नाही कळलं? लष्करी दुर्बिणीत एका बाजूच्या नेत्रिकेत मोजपट्टी असते, मिलमध्ये आखलेली. एक किलोमीटरवर एक मिल म्हणजे साधारण एक मीटर. दीड मीटर उंचीचा सारस पाच मिल भरला तर तो तीनशे मीटरवर आहे, इतकं ते सोपं गणित. पण त्यामुळे माझं सगळं लक्ष वर्षानुवर्षं एकाच डोळ्यात. दुसरा डोळा उघडा असतो, पण कामावर नसतो. आणि फौजेत दुर्बीण बिघडली तर वर्कशॉपमध्ये जायची आणि तपासून परत यायची. मी आयुष्यभर दुर्बीण वापरली होती, निवडली कधीच नव्हती. बाजारात वर्कशॉप नसतं हो. तिथे तपासणारे आपणच.

तर जुनी दुर्बीण घेताना आधी तार बघा. तार नसेल तर गच्चीची कडा, खिडकीची आडवी चौकट, काहीही आडवं आणि निदान शंभर मीटर लांब. बघून झाल्यावर दहा मिनिटं सलग वापरा. दुर्बीण खाली ठेवताच डोळे क्षणभर ओढल्यासारखे झाले, तर नमस्कार करून निघा. दुकानदार म्हणेल, होतं सवयीने. माझंच वाक्य ते.

दुसरी गोष्ट बुरशी. आपल्या पावसाळ्याची ही खास देणगी. कोकण, गोवा, केरळ, आसाम इथल्या घरातली जुनी दुर्बीण असेल तर आधी हेच तपासा. मोबाइलचा टॉर्च लावा आणि दुर्बीण उलटी धरून मोठ्या भिंगातून आत तिरपं बघा. धुळीचे चार कण असले तर सोडून द्या, चित्रात दिसतही नाहीत. पण कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे किंवा दुधी डाग दिसले तर ती बुरशी. ती भिंगावरचा लेप खाते आणि पुढे काचही, साफ करूनही खुणा राहतात. आणि ऐका, त्या देखण्या चामड्याच्या पेटीचा मोह धरू नका. चामडं ओल धरतं, बुरशी तिथेच पोसते. घट्ट झाकणाचा साधा प्लॅस्टिकचा डबा आणि त्यात सिलिका जेलच्या पुड्या, बस्स.

मग नळीवर पोचा आहे का, फोकसचं चाक सैल किंवा जड आहे का, मधला सांधा आपोआप मिटतो का, स्क्रूच्या खाचा झिजल्या आहेत का, ते बघा. झिजलेली खाच म्हणजे कुणीतरी उघडून बसलं होतं. नायट्रोजन भरलेली जलरोधक दुर्बीण असेल आणि ती गल्लीतल्या कारागिराने उघडली असेल, तर तिचं सील गेलं असं धरून चाला.

आता आकड्यांकडे येतो. ८×४२ मधला पहिला आकडा म्हणजे किती पट मोठं दिसणार, दुसरा पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. गिऱ्हाईक पहिल्या आकड्याला भुलतं, मीही भुललो. बारापट मोठं दिसतं म्हणजे हाताचा कंपही बारापट मोठा होतो, आणि दिसणारा मुलूख आक्रसतो. ८×४२ मध्ये हजार मीटरवरचा साधारण एकशे दहा ते एकशे चाळीस मीटर रुंदीचा पट्टा दिसतो. बाराच्या दुर्बिणीत तो बराच कमी, म्हणून हिला पक्षी सापडत नव्हता. हातात धरून बघायचं तर आठ पुरे, हात स्थिर असेल तर दहा. त्यापुढे तिवई लागते. झूमवाल्या, लाल भिंगांच्या आणि पेटीवर शंभरपट छापलेल्या दुर्बिणींबद्दल एकच शब्द: नको.

दुसऱ्या आकड्याला पहिल्याने भागा. ४२ भागिले ८, सव्वापाच. दुर्बीण हातभर लांब धरली की नेत्रिकेत प्रकाशाचं छोटं वर्तुळ दिसतं, ते एवढ्या मिलिमीटरचं. अंधारात विशीतल्या माणसाच्या डोळ्याची बाहुली सात मिलिमीटरपर्यंत उघडते, साठीत ती पाचच्या आसपास येते, अनेकांची त्याहून कमी. भावनगरजवळ अलंगला जहाजं तोडतात, तिथल्या रस्त्यावरच्या दुकानांत जहाजावरचं सामान विकायला असतं. तिथे ७×५० ची जहाजी दुर्बीण मिळाली, तर तिचं वर्तुळ सातचं. डुलत्या डेकवर, अंधारात, तरुण खलाशाला उत्तम. माझ्या वयाच्या माणसाने ती घेतली तर जादा प्रकाश बाहुलीच्या कडेवर पडून वाया, आणि वजन मात्र पुरं गळ्यात. उलट १०×२५ ची खिशातली दुर्बीण, वर्तुळ अडीचचं. दुपारी छान, संध्याकाळी पाण्यावर सावल्या पडल्या की आंधळी. म्हणून कोणतीही दुर्बीण दिवेलागणीला बघा. भर दुपारी दुकानात सगळ्याच चांगल्या दिसतात.

ते वर्तुळ गोल आहे का, हेही बघून ठेवा. कडा कापल्यासारखी चौकोनी दिसली तर आतल्या प्रिझमची काच हलकी आहे किंवा प्रिझम लहान आहे.

चष्मा असेल त्यांनी चष्म्यासकट बघायचं. आय रिलीफ, म्हणजे नेत्रिकेपासून डोळा किती दूर ठेवला तरी पूर्ण चित्र दिसतं ते अंतर, निदान सोळा-सतरा मिलिमीटर हवं. आणि दोन डोळ्यांमधलं अंतर. हे पुरुषांच्या लक्षात येत नाही. अनेक मोठ्या दुर्बिणींच्या नळ्या पुरेशा जवळ येत नाहीत, अरुंद चेहऱ्याच्या बाईला किंवा मुलाला दोन वर्तुळांचं एक वर्तुळ होतच नाही. ज्याला वापरायची त्याला बरोबर न्या. मी एकटाच गेलो होतो.

खांद्यासारख्या फुगीर जुन्या घडणीची ती पोरो. इग्नाझिओ पोरो या इटालियनाने १८५४ साली त्या प्रिझमचं पेटंट घेतलं, आणि १८९४ मध्ये झाइसने तशा दुर्बिणी बाजारात आणल्या. सरळ नळ्यांची ती रूफ. रूफ आटोपशीर, पाण्याला सहसा दाद न देणारी, पण तिचं प्रिझम करणं कष्टाचं, आणि त्यावर फेज करेक्शनचा लेप नसेल तर चित्र मऊ पडतं. म्हणून पैसे थोडे असतील तर पोरो. दहा हजारांच्या आसपासची निकॉन किंवा ऑलिंपसची पोरो त्याच किमतीच्या रूफला हरवते, असा माझा अनुभव आहे. तीस-चाळीस हजारांपासून चांगली रूफ मिळू लागते. झाइस, लायका, स्वारोवस्कीच्या वरच्या दुर्बिणी लाखांत जातात. फरक खरा आहे, पण तो मुख्यतः संध्याकाळच्या शेवटच्या वीस मिनिटांत आणि चित्राच्या कडेला आहे. ती वीस मिनिटं तुम्हाला किती मोलाची, ते तुम्ही ठरवा. नवी घेतलीत तर भारतातली वॉरंटी बिलावर लिहून घ्या.

आम्ही शेवटी जुनीच घेतली. भोपाळचे एक पक्षीवेडे गृहस्थ नवी घेत होते, त्यांची ८×३२ ची विकायला होती. या वेळी मी गाडी चालवली आणि गप्प बसलो. हिने त्यांच्या गच्चीवरून तार बघितली, टॉर्च मारला, दुर्बीण तासभर गळ्यात ठेवली, आणि सूर्य बुडेपर्यंत सौदा केला नाही. ते गृहस्थ मला हळूच म्हणाले, "मॅडमही फौजेत होत्या का?"

हिरवी दुर्बीण दुरुस्तीला दाखवली, पण खर्च किमतीपेक्षा जास्त सांगितला. ती आता नातवाकडे आहे. तो चंद्र बघतो तिच्यातून, गच्चीच्या कठड्यावर टेकवून, डावा डोळा मिटून. दोन्ही डोळ्यांनी का नाही बघायचं, असं त्याने विचारलं, तेव्हा मी म्हटलं, आजीला विचार.