आधी आराखडा, मग आळे
(मंडळाच्या चैत्रातील हळदीकुंकवाच्या वेळी केलेले भाषण)



भाषण करण्याचा माझा हा पहिलाच प्रसंग. मी सातवीपर्यंत शिकलेली. शास्त्रीय भाषेत बोलणे मला जमणार नाही. पण "तुमच्या बागेविषयी चार शब्द सांगा" असा आपल्या चिटणीसबाईंनी आग्रह धरला, म्हणून उभी राहिले. बाग कशी फुलली हे मी सांगणार नाही. ती आधी कशी बिघडली होती, ते सांगते.

आमची जागा ४० फूट रुंद आणि ६० फूट लांब. मधे २५ बाय ३० फुटांचे कौलारू घर. राहायला आलो त्याच पावसाळ्यात आम्ही हौसेने रोपे आणली. जे दिसले ते घेतले आणि जिथे जागा दिसली तिथे लावले. शेवगा भिंतीला लागून, आंबा त्याच्यापासून पाच फुटांवर, आणि प्राजक्त मागच्या कोपऱ्यात. प्राजक्तापर्यंत चिखल तुडवावा लागू नये म्हणून गुळगुळीत फरशीची वाट केली, तीही नेमकी पागोळ्यांखाली. दिसायला फार छान दिसे.

तिसऱ्या वर्षी शेवग्याची फांदी वाऱ्याने मोडली आणि कौले फुटली. शेवग्याचे लाकूड ठिसूळ, हे आम्हांला तेव्हा कळले. पण खरी शिक्षा पुढेच होती. श्रावणातल्या एका सोमवारी पहाटे सासूबाई पूजेसाठी फुले वेचायला गेल्या. वाटेवर शेवाळ धरले होते. त्यांचा पाय घसरला आणि खुब्याचे हाड मोडले. शस्त्रक्रिया झाली, पुढे तीन महिने अंथरूण.

ह्यांना इतका राग आला की कुऱ्हाड घेऊन प्राजक्त तोडायला निघाले. सासूबाई खाटेवरूनच म्हणाल्या, "झाडाने काय केलं? वाट तुम्ही केलीत."

बायांनो, ते वाक्य माझ्या मनात रुतून बसले. त्या वाटेवरून रोज कोण चालणार, पाणी कुठे पडणार, याचा विचार आम्ही केलाच नव्हता. मग मी मुलाची चौकटींची वही घेतली. एक चौकट म्हणजे एक फूट, असे धरून आमची जागा मांडली. घर, दारे, नळ, मोरीचे पाणी जाते ती जागा, कपड्यांच्या दोऱ्या आणि सायकल उभी करायची जागा आधी काढली. झाडे सर्वांत शेवटी.

नंतर आठ दिवस नुसते ऊन पाहिले. सकाळी नऊ, दुपारी बारा आणि चार वाजता सावली कुठे पडते, त्याच्या खुणा केल्या. थंडीत सूर्य दक्षिणेकडून जातो, म्हणून घराच्या उत्तरेला सावली राहते. मे-जूनमध्ये तो आपल्याकडे भर दुपारी डोक्यावर, थोडा उत्तरेलाही असतो. तेव्हा मेथी, पालक, टोमॅटो हे थंडीतले वाफे दक्षिणेला घेतले. अळू उत्तरेला, कारण त्याला थोडी सावली चालते. पश्चिमेचे दुपारचे ऊन फार तापवते. तिकडे लिंबू आणि सीताफळ, पण भिंतीपासून दूर. तुळस पूर्वेला होतीच.

पाण्याचे गणित मुलाने करून दिले. आमच्या घराएवढ्या छपरावर एक इंच पाऊस पडला, तर सुमारे १,७७० लिटर पाणी खाली येते! ते पाणी पायाशी मुरत होते. आता पन्हळ बसवून ते भिंतीपासून दहा फुटांवरच्या शोषखड्ड्यात सोडले आहे. अंघोळीचे पाणी केळी आणि कर्दळीला जाते. तांदूळ-भाज्या धुतलेले पाणी वाफ्यांना. कपड्यांच्या सोड्याचे पाणी मात्र मी कशालाच घालत नाही.

आंबा आम्ही काढला. फार जिवावर आले. पण मोठ्या आंब्याला चहूकडून वीस-वीस फूट तरी मोकळे हवेत; आमच्या अंगणात ते शक्य नव्हते. रोप घेताना ते केवढे आहे हे न पाहता, केवढे होणार हे विचारावे.

राहिली वाट. ती मी आधी अंगणात रांगोळीने काढली. सासूबाई तोवर काठी घेऊन चालू लागल्या होत्या. मी त्यांना म्हटले, "आई, तुम्ही चाला, मी मागून रेघ ओढते." त्या जिथे थबकल्या तिथे खूण केली, जिथे वळल्या तिथे वळण ठेवले. मग चार फूट रुंद वाट केली, म्हणजे त्यांचा हात धरून दुसऱ्याला शेजारून चालता येते. दगड खरखरीत, पागोळ्यांपासून तीन फूट दूर, आणि पाणी साचू नये म्हणून चार फुटांत एक इंच उतार. थबकल्या होत्या तिथे दीड फूट उंचीचे दोन कट्टे बांधले. ह्यांनी खर्चाबद्दल कुरकूर केली. मी म्हटले, दवाखान्याच्या बिलापुढे हे काहीच नाही.

भगिनींनो, आता चैत्र चालू आहे. हेच दिवस कागद-पेन्सिल घेऊन बसण्याचे. मोठ्या झाडासाठी वैशाखात तीन फूट लांब, रुंद आणि खोल असा खड्डा खणून उन्हात तापू द्या. मग वरची चांगली माती आणि कुजलेले शेणखत घालून तो भरा, आणि मृगाचे दोन-चार चांगले पाऊस झाले की रोप लावा. एकदम सगळी बाग करू नका. पहिल्या वर्षी पाणी आणि वाट, दुसऱ्या वर्षी झाडे, फुलांचे ताटवे सवडीने. खिशालाही ते सोसते.

प्राजक्त अजून तिथेच आहे. रात्री त्याच्याखाली मी जुने लुगडे पसरून ठेवते. पहाटे सासूबाई काठी टेकत जातात, कट्ट्यावर बसतात, मी लुगड्याची टोके उचलून फुले त्यांच्या परडीत ओतते. त्यांना वाकावे लागत नाही. गेल्या श्रावणात पहिली परडी भरली तेव्हा त्यांनी दोन फुले माझ्या अंबाड्यात खोवली. बोलल्या काही नाहीत.